गाडीचं दुखणं (भाग ७) : सेन्सर नवा, दिवा तोच

गेल्या आठवड्यात आपण कपलर, अर्थिंग आणि पावसाळ्यात हिरव्या पडणाऱ्या पिना पाहिल्या. आज त्याहून चिवट दुखणं. दहा-बारा वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी, डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा, स्कॅनर लावला की कोड येतो पी ०१७१. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलतात, कोड उडवतात, दिवा विझतो. काही दिवसांत तो पुन्हा लागतो. मग दुसरा सेन्सर, या वेळी ‘ओरिजिनल’. दिवा तरीही परत येतो. जुन्या गाडीच्या मालकाचा पैसा इतक्या सहज फुकट जाण्याची दुसरी जागा मला माहीत नाही.

पी ०१७१चा अर्थ एवढाच की मिश्रण ‘लीन’ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर बिघडला, असं हा कोड कुठेही म्हणत नाही. सेन्सरच्या स्वतःच्या तक्रारींचे कोड निराळे असतात : सर्किटसाठी पी ०१३०, आतल्या हीटरसाठी पी ०१३५. तेव्हासुद्धा आधी फ्यूज आणि वायर तपासायची असते. पी ०१७१ आला असेल तर सेन्सर बहुधा आपलं काम चोख करतोय, आणि खरं सांगणाऱ्यालाच आपण काढून टाकतोय.

हा सेन्सर सायलेन्सरच्या वाटेवर, इंजिनाजवळ बसवलेला असतो. त्याच्या टोकाला झिर्कोनियाची भट्टीत भाजलेली टोपी असते. ती ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की धुरातला आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांच्यातल्या फरकाप्रमाणे व्होल्टेज देते. धुरात ऑक्सिजन उरला तर साधारण ०.१ व्होल्ट, पेट्रोल जास्त झालं तर ०.९च्या आसपास. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते पाहून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. निव्वळ पेट्रोलसाठी आदर्श प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल.

ही कमी-जास्त करण्याची टक्केवारी म्हणजे फ्युएल ट्रिम. निदानाची सगळी गंमत इथे आहे. साध्या स्कॅनरच्या ‘लाइव्ह डेटा’मध्ये दोन आकडे दिसतात : शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास असली की इंजिन समाधानी. अधिक १० टक्क्यांच्या पुढे गेली की कुठेतरी पाणी मुरतंय. बऱ्याच गाड्यांत ती २५ टक्क्यांच्या आसपास गेली की दिवा लागतो. भारतात ओबीडी-१ची सक्ती एप्रिल २०१०पासून आणि ओबीडी-२ची एप्रिल २०१३पासून झाली, त्यामुळे २०१३नंतरच्या गाडीत हे आकडे सहसा मिळतात. त्याआधीच्या काही गाड्यांना कंपनीचाच स्कॅनर लागतो.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला आदर्श प्रमाण सुमारे १३.५ला १ लागतं, कारण इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. म्हणजे निव्वळ पेट्रोलसाठी आखलेल्या गाडीला सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं, आणि तेवढी ट्रिम कुठलाही बिघाड नसताना वर चढते. पूर्वी १५ टक्क्यांवर निमूट चालणारी बारीक गळती आता दिवा पेटवते. गाडी ‘अचानक’ बिघडल्यासारखी वाटते, पण दुखणं जुनंच असतं.

ट्रिम दोन वेळा वाचायची : एकदा आयडलिंगला, एकदा न्यूट्रलमध्ये २,५०० आरपीएमवर धरून. आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर उतरत असेल तर चोरून हवा आत येतेय : तडकलेला रबरी पाइप, इनटेकचं पॅकिंग, पीसीव्हीची नळी. उलट रेस दिल्यावर किंवा घाट चढताना ट्रिम वाढत असेल तर इंधन कमी पडतंय. टाकीतला पंप थकलाय किंवा फिल्टर चोंदलाय. मग प्रेशर मोजायचं. अनेक गाड्यांत ते ३ बारच्या आसपास असतं, पण आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

इथे आपल्याकडच्या मेकॅनिकने एक भेद लक्षात ठेवायला हवा. परदेशी व्हिडिओंमधलं सगळं ज्ञान हवेचं वजन मोजणाऱ्या, म्हणजे एमएएफ सेन्सरच्या गाड्यांवर बेतलेलं असतं. आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथे चोरून आलेली हवाही दाबात मोजली जाते. ईसीएम तिच्यासाठी पेट्रोल सोडतो आणि गाडी बहुतेकदा नुसती जास्त आयडलिंग धरते. अशा गाडीला पी ०१७१ आला तर नळ्या हुंगत बसण्याआधी इंधनाचं प्रेशर आणि एक्झॉस्ट पाहा.

एक्झॉस्टची गळती सर्वांत जास्त फसवते. धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने बाहेर पडतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. मॅनिफोल्डला केसाएवढी चीर असेल किंवा गॅस्केट जळलेलं असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर तिच्यातला ऑक्सिजन मोजतो आणि प्रामाणिकपणे ‘लीन’ म्हणतो. ईसीएम पेट्रोल वाढवतो. इंजिन खरं तर जास्त पिऊ लागतं, अ‍ॅव्हरेज पडतं आणि कोड मात्र पेट्रोल कमी असल्याचा. सकाळी थंड इंजिन चालू करून बॉनेट उघडा. टिकटिक आवाज येत असेल आणि इंजिन तापल्यावर तो विरत असेल, तर धातू फुगून चीर बुजते आहे. जोडावर काळा काजळीचा पट्टा दिसला तर शंकाच नको. मिसिंगही असंच फसवतं : न जळलेल्या सिलिंडरचा ऑक्सिजन तसाच धुरात येतो. म्हणून प्लग आणि कॉइल आधी.

सेन्सर खरोखर मेलाय का, हे बदलण्याआधी मिनिटभरात कळतं. इंजिन पूर्ण तापलेलं असताना झटकन रेस द्या, व्होल्टेज ०.८च्या वर उसळलं पाहिजे. रस्त्यावर गिअरमध्ये पाय काढला की ते ०.१कडे कोसळलं पाहिजे. दोन्ही घडत असेल तर सेन्सर जिवंत आहे. वाइडबँड सेन्सरच्या गाड्यांना हे आकडे लागू नाहीत. शिसंयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं, तेव्हा शिशाने सेन्सर मरण्याचा प्रकार संपला. आता तो बहुधा जळणाऱ्या ऑइलने नाहीतर चुकीच्या सिलिकॉन सीलंटच्या वाफेने मरतो, आणि सीलंटने मेला तर टोकावर पांढरी पूड दिसते.

दुरुस्तीनंतर दिवा विझला म्हणून गाडी सोडू नका. कोड उडवला की लाँग टर्म ट्रिमही पुसली जाते, म्हणून बिघाड तसाच असला तरी दिवा काही दिवस गप्प राहतो. चार-आठ दिवस शहरात आणि हायवेवर चालवून ट्रिम पुन्हा वाचा. २० टक्के इथेनॉलवर ती दहाच्या आत टिकली तर काम झालं. गॅरेजला पैसे देण्याआधी ही अट तोंडी ठरवून घ्यावी. चांगले मेकॅनिक तिला नाही म्हणत नाहीत.

पुढच्या भागात क्रँक सेन्सर : गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी.