न घसरता पाहिलेला बर्फ

सहल या शब्दाचा आमच्यासारख्या घरांत आजवर एकच अर्थ होत आला आहे, आणि तो म्हणजे देवदर्शन. पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी. फार तर दोन दिवस काढून शिर्डी. देहू आणि आळंदी तर तळवड्याच्या इतक्या जवळ की तेथे जाण्याला कोणी सहल म्हणतच नाही. भर थंडीत केवळ बर्फ पाहण्यासाठी दीड हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा, ही कल्पना कामगार वस्तीत अजून नवीच आहे. तरीही अलीकडे पुष्कळ घरांतून ती बोलली जाऊ लागली आहे. अडचण इतकीच की, जाहिरातींत आणि चित्रपटांत बर्फ म्हटला की पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरणारे तरुण दिसतात. मग साहजिकच प्रश्न पडतो की, ज्यांना स्कीइंग येत नाही आणि परवडतही नाही, त्यांनी तेथे जाऊन करायचे काय?

आमच्या घरी हाच प्रश्न आजीने निराळ्या शब्दांत विचारला होता, "तिथं देव कोणता हाय?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आईच्या भिशीचे वर्षभराचे पैसे आणि वडिलांची शिल्लक राहिलेली रजा अशा दोन्ही गोष्टी त्यात खर्च होणार होत्या. मी प्रथम वर्षाला असताना जानेवारी महिन्यात आम्ही पाचजण शिमला आणि नारकंडा येथे जाऊन आलो. त्या अनुभवाच्या आणि नंतर केलेल्या वाचनाच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम बर्फ म्हणजे काय ते पाहू. आपल्या ओळखीचा बर्फ उसाच्या गुऱ्हाळावरचा. मार्च-एप्रिलमध्ये वळिवाबरोबर पडणाऱ्या गाराही आपण पाहतो. पण गार निराळी आणि हिम निराळे. ढगातील थेंब वर चढणाऱ्या जोरदार वाऱ्याने पुन्हा पुन्हा उचलला जातो, त्यावर थरावर थर गोठतात आणि त्याची गार बनते. हिमाचे कण मात्र ढगातील वाफेपासून, मध्ये पाणी न होता, थेट स्फटिकरूपाने तयार होतात. हा स्फटिक षट्कोनी असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. तेही आकाशातून पडलेले हिम नव्हे. आणि आळंदीजवळ इंद्रायणीच्या पात्रात तरंगणारा जो पांढरा फेस लांबून अगदी बर्फासारखा दिसतो, तो तर सांडपाण्याचा फेस. पांढरे दिसते ते सारे बर्फ नव्हे, एवढे तळवडेकरांना निराळे सांगायला नको.

मग हिम तेथेच का पडते? याला मुख्यतः दोन कारणे आहेत. पहिले कारण उंची. दर हजार मीटर उंचीला हवेचे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर, तर नारकंडा सुमारे २७०० मीटरवर. केवळ एवढ्या फरकाने चौदा अंश कमी होतात. शिवाय ते ठिकाण आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, पण त्याची उंची १६४६ मीटर आणि जागा दक्षिणेची. म्हणून तेथे थंडी असली तरी हिमवर्षाव होत नाही. दुसरे कारण पाण्याच्या वाफेचे. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. हिवाळ्यात मात्र भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हवेच्या लाटा हिमालयापर्यंत पोचतात. त्यांच्यामुळे पंजाबच्या मैदानात पाऊस पडतो आणि डोंगरावर हिम. हा विक्षोभ आला नाही, तर थंडी कितीही असो, हिम पडत नाही. सहलीचा बेत आखणाऱ्याने ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी.

आता स्कीइंगविषयी. काश्मिरात गुलमर्ग, उत्तराखंडात औली, हिमाचलात सोलंग ही त्याची नावाजलेली ठिकाणे. नारकंड्यालाही उतार आहेत. पण हा खेळ एका दुपारी येणारा नाही. त्यासाठी शिक्षक हवा, साधने हवीत, काही दिवस तरी सलग सराव हवा आणि पडण्याची तयारी हवी. गुडघे दुखणारी आजी आणि सातवीतला भाऊ यांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. पर्यटकाला पंधरा मिनिटे पट्ट्यांवर उभे करून, ओढून, छायाचित्र काढून देणारे लोक तेथे भेटतात. पण त्याला खेळ म्हणता येणार नाही.

मग पाहायचे काय? माझ्या मते, बर्फाबरोबर माणसे कशी राहतात, ते पाहायचे. आणि ते पाहण्याची सुरुवात प्रवासातच होते.

आम्ही झेलम एक्सप्रेसने अंबाल्यापर्यंत गेलो आणि तेथून कालक्याला. कालका-शिमला ही छोटी रेल्वे १९०३ साली सुरू झाली. तिच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. सुमारे ९६ किलोमीटरांत शंभराहून अधिक बोगदे पार करीत ती कालक्याच्या ६५६ मीटरवरून शिमल्याच्या २०७६ मीटरवर चढते. २००८ साली तिची नोंद जागतिक वारशात झाली. खिडकीतून आधी निवडुंग, मग चीड आणि शेवटी देवदार दिसू लागतो. उंचीप्रमाणे झाडे बदलतात, हे भूगोलाच्या पुस्तकातील वाक्य काही तासांत डोळ्यांसमोरून सरकते.

शिमल्यात आम्हांला बर्फ मिळाला नाही. स्कीइंगसाठी आलेला माणूस अशा वेळी हात चोळीत बसतो. आम्हांला मात्र पाहायला पुष्कळ होते. तेथील 'रिज' या मोकळ्या जागेविषयी असे सांगतात की, एका उताराचे पाणी सतलजमार्गे अरबी समुद्राकडे जाते, तर दुसऱ्या उताराचे यमुनेमार्गे बंगालच्या उपसागराकडे. १८८८ साली बांधून झालेल्या व्हाइसरॉयच्या वाड्यात १९४५ ची शिमला परिषद भरली होती. आज तेथे उच्च अध्ययनाची राष्ट्रीय संस्था आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती वास्तू चुकवू नये. आणि आजीच्या प्रश्नाचे उत्तरही शिमल्यातच मिळाले. जाखू टेकडीवर मारुतीचे जुने देऊळ आहे, शेजारी १०८ फुटांची मूर्ती आहे आणि वर जायला पाळणा आहे. गुडघ्यांना त्रास न होता मारुतीचे दर्शन झाले. तेथील माकडांपासून चष्मा मात्र जपावा लागतो.

बर्फ भेटला तो शिमल्याहून सुमारे ६५ किलोमीटर पुढे, नारकंड्याला. रात्रीत पडला. सकाळी दार उघडले तेव्हा सर्वांत आधी जाणवली ती शांतता. याचेही शास्त्रीय कारण आहे. ताज्या हिमात बहुतेक हवाच असते आणि त्या पोकळ्यांत आवाज जिरून जातो. माझे वडील गेली अठरा वर्षे प्रेस शॉपमध्ये काम करतात. तळवड्यात रात्रपाळीचे ठोके ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यांनी घरमालकांना विचारले, "आज गाव बंद आहे का?" नंतर बराच वेळ ते नुसतेच अंगणात उभे होते. त्यांना इतका वेळ काहीही न करता उभे राहिलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

आम्ही उतरलो होतो ते एका बागायतदाराचे घर होते. तेथील जुनी घरे लाकूड आणि दगड यांचे एकाआड एक थर रचून बांधतात. या पद्धतीला काठकुणी म्हणतात. खाली गुरे आणि वर माणसे, म्हणजे गुरांची ऊब वरच्या मजल्याला मिळते. खोलीच्या मध्यभागी पत्र्याची लाकडे जाळण्याची शेगडी असते आणि तिचा धूर नळीवाटे बाहेर जातो. तिला तेथे तंदूर म्हणतात. सारे घर संध्याकाळी त्याच एका खोलीत येऊन बसते. आजी आणि घरातील म्हातारी, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तंदूरपाशी मटार सोलता सोलता त्यांचे छान जमले. जेवायला सिड्डू होते. कणकेचे, आत सारण भरून वाफवलेले आणि वर तूप. आईने लगेच त्याचे नाते उकडीच्या मोदकाशी जोडले.

रात्री नळ किंचित चालू ठेवायचा, कारण वाहते पाणी लवकर गोठत नाही. नळ्या फुटू नयेत म्हणून ही काळजी. तेथील उंचावरच्या शाळांना मोठी सुट्टी मे महिन्यात नसून जानेवारी-फेब्रुवारीत असते. हे ऐकून भावाला फार नवल वाटले.

मात्र सर्वांत महत्त्वाचे कळले ते सफरचंदाविषयी. नारकंड्याच्या पुढे कोटगढ आहे. तेथे सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ साली अमेरिकेहून सफरचंदाची रोपे आणून लावली. पुढे ते स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि सत्यानंद स्टोक्स झाले. सफरचंदाच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सुमारे हजार तास सात अंशांखालची थंडी लागते. तेवढी विश्रांती मिळाली नाही तर वसंतात फूल नीट धरत नाही. शिवाय हिम सावकाश वितळून मुळांना पाणी देते. म्हणून बागायतदार बर्फाला पांढरे खत म्हणतात. आपण जिला खेळाची जागा समजतो, ती त्यांची पेरणीची ओल आहे.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा एकावर एक पातळ कपडे घालावेत, म्हणजे मधली हवा ऊब धरते. रबरी बूट भाड्याने मिळतात, ते घ्यावेत. पडलेल्या हिमापेक्षा त्यावर चालून दगडासारखा झालेला बर्फ अधिक धोक्याचा. ऊन पांढऱ्या बर्फावरून परत डोळ्यांत येते, म्हणून काळा चष्मा लागतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये; तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि त्याने माणसे दगावतात. हिम पडल्यावर रस्ता बंद होतो, म्हणून परतीच्या तिकिटापूर्वी एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. आमचा एक दिवस असाच गेला आणि वडिलांची एक दिवसाची बिनपगारी रजा झाली. खर्चाच्या हिशेबात तीही धरावी.

शेवटी एक गोष्ट. हा बर्फ आता बेभरवशाचा होत चालला आहे. २०२४ च्या जानेवारीत ऐन हंगामात गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. २०२५ साली तेथील राष्ट्रीय हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. खेळाडू पुढच्या तारखेची वाट पाहू शकतो. सफरचंदाच्या झाडाला ती सोय नाही आणि सतलजच्या पाण्यावर शेती करणाऱ्यालाही नाही. हे आम्हांला एखाद्या व्याख्यानातून कळले असते, तर परीक्षेपुरते लक्षात राहिले असते. त्या घरात चार दिवस राहिल्यामुळे ते आता घरच्या बोलण्यात आले आहे. तळवड्याच्या चौकात हातगाडीवर सफरचंदे आली की आई भाव विचारते, आणि भाव चढा असला की घासाघीस करण्यापूर्वी म्हणते, "औंदा बर्फ कमी पडला असंल."