गालिचा कुठे नवा होता

आमच्या इवायांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. (वऱ्हाडात व्याह्यांना इवाई म्हणतात आणि विहिणीला ईन.) दर्यापूर तालुक्यातले त्यांचे गाव खारपाणपट्ट्यात येते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारे. त्यामुळे समुद्राचा विषय निघाला की इवाई म्हणत, "खारं पानी पाहाले इतल्या दूर कायले जा लागते? आमच्या हिरीत हायेच ना बाप्पा!"

त्यांना बोटीवर न्यायचे खूळ माझे. २०११ साली मी आणि आमची मंडळी आग्नेय आशियातल्या एका बंदरातून तीन रात्रींच्या सहलीला गेलो होतो. स्वस्तातली सहल, पण थाट असा की जेवणाच्या टेबलावर इस्त्रीचे पांढरे कापड, दुसऱ्या दिवसापासून नावानिशी विचारपूस करणारा वेटर आणि रात्री खोलीत आलो की पलंगावर टॉवेलचा घडी घालून केलेला हंस. त्या तीन रात्री मी पुढची तेरा वर्षे लोकांना सांगत राहिलो. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला सांगताना चार रंग जास्त भरायची खोड असते, हे ऐकणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे होते.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही बावीस जण निघालो. अमरावतीचे बारा, अकोल्याचे दहा, बहुतेक निवृत्त. बडनेऱ्याच्या फलाटावर चिवड्याचे डबे कोणाचे किती यावरून थोडी बाचाबाची झाली. गाडीत बसल्यावर इवायांनी सहज सांगितले की, तिकिटाचे पैसे त्यांनी आदल्या हंगामाच्या कापसाच्या चुकाऱ्यातून बाजूला काढले होते. तेव्हापासून माझ्या पोटात थोडे कालवायला लागले.

जहाज तेच होते, बाहेरचा रंग तेवढा नवा. टेबलावरची कापडे गेली होती, वेटरही गेले होते. ताटे हातात घेऊन रांगेत उभे राहायचे, आणि ताटे ओली. पनीर तीन वेळा आले, तिन्ही वेळा त्याच लाल रश्श्यात. पोहण्याच्या हौदावर जाळी टाकून 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी लावलेली, ती शेवटपर्यंत तशीच. पिण्याच्या पाण्याची बाटली विकत. चादरी मागितल्या तर बदलून मिळत. ईनबाईंच्या खोलीत वातानुकूलन यंत्रातून पाणी ठिबकत होते. तक्रार केली तेव्हा एक मुलगा आला आणि त्याने ठिबकणाऱ्या जागेखाली टॉवेल ठेवला. हंसाऐवजी हा टॉवेल. ईनबाई एवढेच म्हणाल्या, "राहू द्या ना, पावसाळ्यात आमचं घरबी असंच गयते." मला त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

बँकेत अडतीस वर्षे काढलेला माणूस कर्ज मागायला आलेल्याच्या दुकानात शिरला की आधी माल कुठे ठेवला आहे ते पाहतो. मी जहाजभर हिंडलो. खोल्यांच्या बोळांतला गालिचा ठिकठिकाणी जोडलेला, जिन्यावरचा झिजून सुतावर आलेला. नवा, पाय रुततील असा गालिचा फक्त दोन ठिकाणी होता : जुगाराच्या दालनात आणि घड्याळे-अत्तरांच्या दुकानांसमोर. जहाजाचा सगळा ताळेबंद मला त्या गालिच्यावर वाचता आला. आम्ही बावीस वऱ्हाडी ना जुगार खेळणारे, ना अत्तर घेणारे. कंपनीच्या वहीत आम्ही बुडीत खातेच!

हा धंद्याचा जुनाच हिशोब आहे. १९७२ साली टेड अ‍ॅरिसन यांनी मायामीहून एक जुने जहाज घेऊन कार्निव्हल कंपनी सुरू केली. पहिल्याच फेरीत ते वाळूत रुतले. पण पुढे याच कंपनीने समुद्रसफर श्रीमंतांच्या हातून काढून मध्यमवर्गाच्या हातात दिली. तिकीट स्वस्त ठेवायचे, कमाई बोटीवरच्या गाण्या-पिण्यातून आणि जुगारातून काढायची. मार्च २०२० मध्ये करोनाने जगभरची जहाजे बंदरात उभी केली. उत्पन्न शून्य, देखभाल चालू, म्हणून कंपन्यांनी कर्जे काढली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून जहाजी इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली होती, म्हणजे महागडे इंधन किंवा धूर धुण्याची यंत्रे. बँकेचा हप्ता आणि तेलाचे बिल टाळता येत नाही. टेबलावरचे कापड टाळता येते.

जहाजेही वय झाले की खालच्या बाजारात उतरतात. १९९० साली 'क्राउन प्रिन्सेस' या नावाने सेवेत आलेल्या जहाजाच्या रूपरेषेला रेन्झो पियानोसारख्या नामवंत वास्तुकाराचा हात लागला होता. पुढे ते 'पॅसिफिक ज्वेल' होऊन ऑस्ट्रेलियात फिरले, २०१९ साली 'कर्णिका' होऊन मुंबईला आले आणि २०२० च्या नोव्हेंबरात गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेले.

माझा पहिला समुद्रप्रवास यापेक्षा कितीतरी गैरसोयीचा होता. १९८४ साली माझी बदली सावंतवाडीकडे झाली. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून तेव्हा पणजीला 'कोकण शक्ती' आणि 'कोकण सेवक' या बोटी जात, पावसाळ्यात बंद. डेकवर जागा धरायची, आपली वळकटी आपण पसरायची, आपला डबा आपण खायचा. शेजारच्या बाईने मला मासळीच्या वासाने कासावीस झालेला पाहून एक लिंबू दिले. रात्रभर डोळा लागला नाही. तरी तक्रार करावी असे मनातसुद्धा आले नाही, कारण त्या बोटीने पोचवण्यापलीकडे कसले वचनच दिले नव्हते. सकाळी पणजीला उतरवले, मी एसटी धरली.

या जहाजाने मात्र रंगीत पुस्तिकेत वचने दिली होती, आणि मी ती इवायांना वाचून दाखवली होती.

दुसऱ्या रात्री मी खरमरीत पत्राचा मसुदा करायला बसलो. 'खर्चात कपात' हे शब्द लिहिले आणि पेन थांबले. अकोल्याला शाखाधिकारी असताना असेच परिपत्रक माझ्या टेबलावर आले होते. मी दारातला पाण्याचा माठ बंद केला, तो भरणाऱ्या बाईची रोजंदारी वाचली. पेन्शनवाल्यांचे बाकडे हलवून तिथे विम्याची जाहिरात लावली. महिन्याच्या पहिल्या तारखेला, उन्हात, म्हातारी माणसे पायऱ्यांवर बसत. त्या वर्षी शाखेचा नफा वाढला आणि मला वरून अभिनंदनाचे पत्र आले. ते अजून माझ्या फायलीत आहे. पत्र मी पुरे केले, पण त्यातली दोनचार कडक विशेषणे काढून टाकली.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे फॉर्म आले. सेवेला दहापैकी गुण द्यायचे. मी चार लिहायच्या बेतात होतो, तेवढ्यात टॉवेल ठेवणारा तोच मुलगा खोली आवरायला आला. आमचे मराठी ऐकून थबकला. रत्नागिरीकडचा निघाला. "काका, राग नका मानू," तो म्हणाला, "पण हे गुण आमच्याच नावावर पडतात. आठ आले तरी साहेब बोलावून विचारतो. यंत्र दुरुस्त करणारा माणूस कमी केलाय, मी काय करू?" पूर्वी दोघे सांभाळत तेवढ्या खोल्या तो एकटा सांभाळत होता. खलाशांच्या श्रमाबद्दलचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून लागू आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात चोवीस तासांत चौदा आणि आठवड्यात बहात्तर तासांपलीकडे काम नको, असा एक दंडक आहे. मी तास विचारले. तो हसला आणि म्हणाला, "वहीत बरोबर असतात, काका."

आमच्या मंडळींनी माझ्या हातून फॉर्म घेतला आणि दहा लिहिले. बावीसही फॉर्मांवर दहा पडतील अशी व्यवस्था तिने दुपारपर्यंत केली. पत्र मी वेगळे, कंपनीच्या पत्त्यावर धाडले.

आणि इवाई? पहिल्या रात्रीपासून ते जेवण आटोपले की वरच्या डेकवर कठड्याशी खुर्ची ओढून बसत. पनीर, ओली ताटे, बंद हौद, कशाबद्दल अवाक्षर नाही. शेवटच्या पहाटे मी शोधत गेलो तर खांद्यावर शाल, समोर नुसते काळे पाणी. म्हणाले, "इवाई, एवढं पानी असून एक गुंठा भिजत नाही पाहा."

दोन महिन्यांनी कंपनीचे उत्तर आले. दिलगिरी दोन ओळींची, आणि सोबत पुढच्या सहलीवर दहा टक्के सवलतीचे कूपन. मी ते फाडणार होतो. इवायांनी फोनवर ऐकले आणि विचारले, "मंग कवा निंघाचं?"