घर गळले तर आधी काय, मग काय



२०२४ च्या जुलैमध्ये बेळगावात पाऊस असा लागून राहिला की कपडे वाळेनात. त्यात शहापुरातील आमच्या एका विद्यार्थिनीचे घर गळू लागले. घर जुने, मातीच्या भिंतींचे, वर मंगलोरी कौले. घरच्यांनी रात्रभर पातेली लावून पाणी झेलले. सकाळी पाहतात तो माळ्यावरची ट्रंक चिंब. चार दिवसांनी ती शाळेत आली, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत आजोबांचा भिजलेला शाळा सोडल्याचा दाखला घेऊनच. हा वाचेल का, एवढेच तिने विचारले.

त्या निमित्ताने आम्ही जाणत्या गवंड्यांशी व वायरमनशी बोललो. जे कळले ते येथे देत आहोत.

पाणी पुसायला धावण्याआधी मेन स्विच बंद करावा. ओली भिंत वीज वाहून नेते आणि स्विचबोर्डात पाणी उतरले असेल तर साधे बटण दाबणेही जिवावर बेतू शकते. मेन स्विचच ओला असेल किंवा त्याच्याजवळ पाणी साचले असेल, तर हात न लावता वीज कंपनीला कळवावे. टाकीचा वा नळाचा पाइप फुटला असेल तर त्याचा कॉक बंद करावा.

दुसरी गोष्ट मातीच्या भिंतींची. भिजलेली माती वरचा भार पेलत नाही. भिंतीला फुगवटा येणे, तिरकी चीर पडणे, काल सहज लागणारे दार आज अडकणे, अशी खूण दिसली तर सामान आवरत बसू नये, माणसांनी बाहेर पडावे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसात घर कोसळून सात जण दगावले. पाऊस थांबल्यावरही भिंत पडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता गळती शोधणे. थेंब जेथे पडतो तेथेच वर भोक असते, असे नाही. कौलारू घरात पाणी फुटक्या कौलातून शिरते, रिपेवरून, वाशावरून ओघळत जाते आणि हातभर लांब टपकते. म्हणून ओघळाचा माग वरच्या अंगाला काढावा. स्लॅबच्या घरात बहुतेक वेळा दोष गच्चीच्या पन्हळीचा निघतो. पाला अडकतो, पाणी तुंबते आणि कठड्याच्या सांध्यातून खाली उतरते. ओल फक्त पावसाळ्यात येत असेल तर छप्पर पाहावे. बाराही महिने असेल तर पाइप किंवा न्हाणीघर. भर पावसात ओल्या कौलांवर मात्र कोणी चढू नये. तोवर ताडपत्री घालावी, तीही जाणत्या माणसाकडून.

वाळवण्याच्या कामात आपल्याकडे एक अडचण आहे. पुस्तकात लिहिलेले असते, खिडक्या उघड्या ठेवा. बेळगावच्या जुलैत बाहेरची हवाच ओली! तेव्हा उघडीप असेल तेवढा वेळ खिडक्या उघडाव्यात, एरवी वायरमनने वायरिंग तपासल्यावर पंखा भिंतीकडे तोंड करून चालू ठेवावा. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत. बुरशी एक-दोन दिवसांतच धरू लागते. ती कोरड्या ब्रशने झाडू नये, नाकातोंडात जाते. नाकाला फडके बांधून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड चुकूनही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

रंग लावण्याची घाई सर्वांनाच असते, गणपती तोंडावर आलेले असतात म्हणून! पण ओल्या भिंतीवर लावलेला रंग पोपडे होऊन पडतो. भिंत वाळली का ते पाहण्यासाठी हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून एक दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसले तर थांबावे. लोणा आला असेल तर तो धुऊ नये, वाळल्यावर खरवडून काढावा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट आम्ही तरी सुचवणार नाही. आतली ओल आतच कोंडते. जुन्या लोकांची चुन्याची सफेदी भिंतीला श्वास घेऊ देते.

कागदांचे सांगायचे राहिले. ओली पाने ओढून सोडवू नयेत. कोऱ्या कागदाच्या घड्या मध्ये घालून, त्या बदलत, सावलीत पंख्याखाली वाळवावे. उन्हात कागद आकसतो. एकदम जमणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावे, बुरशी थांबते व सवड मिळते. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो तसेच वाळू देऊ नयेत. स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सोडवावेत आणि चित्र वर करून वाळवावेत.

त्या दाखल्यावरची शाई बरीचशी धुऊन गेली होती. नाव उरले, जन्मतारीख गेली. आजोबा आमच्याच शाळेचे, त्यामुळे जनरल रजिस्टर पाहून दुसरी प्रत देता आली. ते रजिस्टर काढताना मात्र आमच्या ध्यानात आले की कपाटामागच्या भिंतीलाही लोणा धरला आहे. कपाट आम्ही पुढे ओढून ठेवले आहे. विश्वस्तांना विनंती, की त्या खोलीची कौले येत्या मृगाआधी शाकारून घ्यावीत आणि रजिस्टरांची पाने स्कॅन करण्याचा खर्च मंजूर करावा. वरच्या वर्गांतील मुले सुटीत या कामाला हात लावायला तयार आहेत.