तिळातला वायू

भाकरवडीच्या सारणात तीळ असतात, चिक्कीतही घालतात. युरोपातल्या मराठी घरांसाठी ही पाकिटं मागवणाऱ्या आयातदाराची परीक्षा या इवल्या दाण्यातच होते. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं कळवलं. साल्मोनेला जिवाणू मारायला हा वायू वापरतात. पण तो जिवाणूंच्या डीएनएवर हल्ला चढवतो तसाच आपल्याही, म्हणून तो कर्करोगकारक ठरला आहे.

वायूच तो, उडून जाईल की! जातोही, पण तिळातल्या क्लोराइडशी संयोग होऊन मागे २-क्लोरोइथेनॉल उरतं. युरोपीय संघ दोन्ही मिळून मोजतो. तिळासाठी मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, काही नमुने तिच्या हजारपटीहून वर गेले. ऑक्टोबर २०२० पासून भारतीय तिळाच्या प्रत्येक खेपेसोबत तपासणीचा दाखला सक्तीचा झाला, शिवाय निम्म्या खेपांची सीमेवर तपासणी सुरू झाली.

हा कडकपणा मला योग्यच वाटतो. वाफेनेही जिवाणू मरतात, आणि इथे, मध्य प्रदेशातल्या धार-देवासच्या बाजारातल्या गजक या तिळाच्या मिठाईलाही तसाच स्वच्छ तीळ मिळायला हवा.

तीळ निर्दोष निघाला तरी एक काम उरतंच. युरोपीय संघाने ठरवलेल्या ॲलर्जीकारक १४ घटकांत त्याची गणना असल्याने पाकिटावरच्या यादीत त्याचं नाव ठळक छापावं लागतं, तेही विक्री होते त्या देशातल्या ग्राहकाला समजेल अशा भाषेत.