कॉलेजची फी आणि आयकर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावीचा निकाल लागला की घरोघरी फीचे हिशेब सुरू होतात. ‘फी भरली की टॅक्स वाचतो’ हे वाक्य तेव्हा हमखास कानावर येते. ते अर्धेच खरे आहे, आणि त्यावर विसंबणाऱ्या पालकांचे गणित ऐनवेळी चुकते.

गैरसमज : फीची सवलत प्रत्येक करदात्याला मिळते.
वस्तुस्थिती : 2023-24 पासून आपण काही निवडले नाही तर नवी करप्रणालीच लागू होते. तिच्यात फीची वजावट नाही आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाचीही नाही. दोन्ही सवलती जुन्या प्रणालीतच आहेत. पगारदारांना दरवर्षी प्रणाली निवडता येते, म्हणून दोन्हींचा हिशेब कागदावर मांडूनच ठरवा.

गैरसमज : पावतीवरची सगळी रक्कम वजा होते.
वस्तुस्थिती : समजा, पावती 1,40,000 रुपयांची आहे : ट्यूशन फी 80,000, विकास निधी 15,000, वसतिगृह आणि मेस 40,000, अनामत 5,000. यातले फक्त 80,000 धरले जातात. तेही पीएफ, विमा हप्ता वगैरेंसह दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत. ही सवलत दोन मुलांपुरती आणि भारतातल्या पूर्णवेळ शिक्षणापुरती आहे. खासगी क्लासची किंवा परदेशी विद्यापीठाची फी तिच्यात बसत नाही.

गैरसमज : शैक्षणिक कर्जाचा पूर्ण हप्ता वजा होतो.
वस्तुस्थिती : वजावट फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही. व्याजाला मात्र कमाल मर्यादा नाही आणि परदेशातले शिक्षणही चालते. वर्षाला 90,000 रुपये व्याज भरणाऱ्या, 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या करदात्याचे उपकरासह 18,720 रुपये वाचतात. कर्ज बँकेचे किंवा मान्यताप्राप्त संस्थेचे हवे. मामा-काकांकडून घेतलेले चालत नाही. ज्याने कर्ज घेतले आणि जो स्वतःच्या उत्पन्नातून व्याज भरतो, त्यालाच हा लाभ मिळतो. व्याज भरायला सुरुवात केली की त्या वर्षापासून जास्तीत जास्त आठ वर्षे मोजली जातात. म्हणून कर्ज कोणाच्या नावावर घ्यायचे, हे सही करण्यापूर्वीच ठरवा.

गैरसमज : मुलाच्या नावावर एफडी केली की व्याज करमुक्त.
वस्तुस्थिती : अज्ञान मुलाचे असे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. नाव बदलल्याने कर टळत नाही.

गैरसमज : सुकन्या समृद्धीचे सगळे पैसे मुलीच्या अठराव्या वर्षी मिळतात.
वस्तुस्थिती : खात्याची मुदत उघडल्यापासून 21 वर्षांची असते. मुलगी नऊ वर्षांची असताना खाते उघडले, तर मुदत तिच्या तिसाव्या वर्षी पुरी होते. उच्च शिक्षणासाठी ती 18 वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकेच्या 50 टक्क्यांपर्यंतच रक्कम काढता येते, तीही प्रवेशाची आणि फीची कागदपत्रे दाखवून. व्याज मात्र दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. म्हणून खाते मुलीच्या जन्मानंतर लगेच उघडणे सर्वांत फायद्याचे.

करसवलतीने फीचा छोटा हिस्साच हलका होतो. मोठा भार वेळेवर सुरू केलेली बचतच उचलते. तेव्हा पालकहो, यंदा फीची पावती हातात आली की त्यातली ट्यूशन फी वेगळी लिहून ठेवा आणि धाकट्या भावंडासाठीची बचत याच महिन्यात सुरू करा.