द्विपंखींची ओळख : लेखांक ५ – तीन करड्या माश्या

मागील लेखांकात माशीचे पंख आणि त्यांच्या मागे दडलेले संतोलक यांचा विचार करून, पंखांची एकच जोडी असणारा कीटक द्विपंखी गणातला, हा मूलभूत निकष आपण पाहिला. या गणातील ज्या माश्यांशी आपला नित्य संबंध येतो, आणि तरीही ज्यांची आपण ‘माशी’ या एकाच नावाखाली सरसकट बोळवण करतो, त्यांच्यापैकी तिघींची छायाचित्रांवरून पारख कशी करावी, हा आजचा विषय आहे. घरमाशी, गोठ्यातली चावरी माशी आणि मांसमाशी या त्या तिघी. पहिल्या दोघींच्या जातींचे आद्य वर्णन लिनीयसने १७५८ मध्ये केले. आज शास्त्रीय दप्तरात त्यांची नोंद अनुक्रमे मस्का डोमेस्टिका आणि स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स अशी आहे.

छायाचित्र हाती येताच नवशिका निरीक्षक प्रथम रंग आणि आकार यांवर भिस्त ठेवतो. परंतु अळीला मिळालेल्या अन्नानुसार एकाच जातीच्या माश्या लहानमोठ्या निपजतात, आणि करडा रंग हा अंगावरील सूक्ष्म लवेचा परिणाम असल्याने प्रकाशाची दिशा बदलताच त्याची छटाही बदलते. त्यामुळे निवाडा करायचा तो शरीररचनेवरून. वक्षाच्या पाठीवर तीन ठळक काळे पट्टे असले, आणि उदरावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-रुपेरी चौकोन दिसले, तर ती मांसमाशी असण्याचा संभव मोठा. हे चौकोन मोठे चमत्कारिक असतात : उजवीकडून टिपलेल्या चित्रात जो रुपेरी दिसतो, तोच डावीकडून टिपलेल्या चित्रात काळा होतो. म्हणून एकाच माशीची दोन चित्रे पाहून या दोन निराळ्या जाती आहेत असा ग्रह करून घेऊ नये.

घरमाशी आणि चावरी माशी या दोघींच्याही वक्षावर चार पट्टे असतात, तेव्हा तेथे पट्ट्यांची साक्ष उपयोगी पडत नाही. त्यांचा भेद बाजूने घेतलेल्या चित्रात क्षणार्धात उलगडतो. घरमाशीची सोंड मऊ, टोकाशी स्पंजासारखी पसरट आणि एरवी डोक्याखाली आवरून घेतलेली असते. चावऱ्या माशीची सोंड काळी, ताठ, सुईप्रमाणे अणकुचीदार आणि विश्रांतीच्या वेळीही डोक्यापुढे रोखलेली दिसते, कारण तिच्या नर आणि मादी दोघांचाही आहार रक्त हाच असतो. चित्र वरून घेतलेले असून सोंड दृष्टीआड असेल, तर पंखाची चौथी लांब शीर पाहावी : घरमाशीत ती टोकाजवळ काटकोनासारखी एकदम वर वळते, चावऱ्या माशीत तिला केवळ सौम्य बाक असतो. शिवाय चावऱ्या माशीच्या उदरावर गोलसर काळे ठिपके असतात, तर घरमाशीच्या उदराच्या दोन्ही कडांना पिवळसर झाक असते. घरमाशीच्या नराचे डोळे परस्परांच्या निकट आणि मादीचे दूर असतात; हा लिंगभेद आहे, जातिभेद नव्हे, हेही ध्यानी ठेवावे.

मांसमाशीच्या बाबतीत मात्र छायाचित्राचा अधिकार येथेच संपतो. या कुलात अडीच हजारांहून अधिक जाती असून त्यांतील असंख्य जाती बाह्यतः इतक्या सारख्या असतात, की नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याविना जातीची शहानिशा होत नाही. अशा वेळी नोंदीत कुलाचे नाव लिहून थांबणे ही पूर्ण आणि प्रामाणिक ओळख होय. पुराव्याविना पुढचे नाव जोडल्यास त्या नोंदीवर विसंबणाऱ्या प्रत्येकाची दिशाभूल होते.

हा काटेकोरपणा व्यर्थ नाही. चावऱ्या माशीची पैदास मलमूत्राने भिजून कुजलेल्या चाऱ्यात व पेंढ्यात विशेष होते. त्यामुळे गुरे वारंवार पाय आपटत असताना त्यांच्या पायांवरील माशीला घरमाशी समजून गोठ्याच्या मालकाने केवळ शेणाचा बंदोबस्त केला आणि गव्हाणीखालचा कुजका चारा तसाच राहू दिला, तर जनावरांचा त्रास कायम राहतो. संशयास्पद मृत्यूच्या तपासातही प्रेतावरील अळ्यांच्या वाढीवरून काळाचा अंदाज बांधताना जातीचे नाव चुकले, तर सगळाच हिशेब चुकतो, कारण प्रत्येक जातीच्या वाढीचा वेग निराळा असतो.

तेव्हा वाचकांनी एकाच माशीची किमान तीन चित्रे घ्यावीत : पाठीवरचे पट्टे दाखवणारे वरून, सोंड दाखवणारे बाजूने आणि डोळ्यांमधले अंतर दाखवणारे समोरून, आणि जमल्यास पंखांच्या शिरा स्पष्ट उमटतील अशा बेताने चौथेही घ्यावे. तारीख, स्थळ आणि माशी कशावर बसली होती हा तपशील त्याच वेळी टिपून ठेवावा. पुढील लेखांकात धातूसारख्या चकाकणाऱ्या हिरव्या-निळ्या माश्यांचा विचार करू. तेथे रंगाचा मोह याहूनही प्रबळ असल्यामुळे आजचे निकष हाताशी असणे अगत्याचे आहे.