प्रवासनियोजक वापरनोंदी

प्रवासनियोजक वापरनोंदी : सार्वजनिक वाहतुकीने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसे जावे हे सांगणाऱ्या संगणकीय साधनास प्रवासनियोजक म्हणतात. त्याच्याकडे लोकांनी केलेल्या विचारणा व त्यांना मिळालेली उत्तरे यांचा संग्रह म्हणजे वापरनोंदी होत. तिकीटविक्रीवरून कोणत्या बसने किती लोक गेले ते कळते. परंतु ज्यांना जावयाचे होते आणि ज्यांच्यासाठी बसच नव्हती, अशांचा मागमूस तिकिटांच्या हिशेबात उरत नाही. तो वापरनोंदींत उरतो. त्यामुळे या नोंदी परिवहन संस्थांना मिळाव्यात की नाही, आणि मिळाल्यास कोणत्या स्वरूपात, हा वाहतूक-नियोजनातील एक महत्त्वाचा प्रश्न ठरला आहे.

इतिहास : संगणकपूर्व काळात प्रवाशांची गरज जाणून घेण्याची साधने म्हणजे घरोघर जाऊन केलेली पाहणी, थांब्यांवरील शिरगणती आणि दूरध्वनीवरील चौकशी-कक्ष. पाहणी खर्चिक असल्याने ती अनेक वर्षांच्या अंतराने होई. या क्षेत्रातील मोठा बदल अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील पोर्टलंड या शहरी घडून आला. मोटारीचा रस्ता संगणकावर सहज सापडतो, मग बसचा का सापडू नये, असा प्रश्न तेथील ‘ट्रायमेट’ या परिवहन संस्थेतील बिबियाना मॅकह्यू यांना पडला. त्यांनी गूगल कंपनीशी संपर्क साधला. तेथील क्रिस हॅरेलसन हे अभियंते याच दिशेने प्रयत्न करीत होते. उभयतांच्या सहकार्यातून डिसेंबर २००५ मध्ये पोर्टलंडचा नियोजक लोकांसाठी खुला झाला. त्यासाठी थांबे, मार्ग, फेऱ्या व वेळा साध्या मजकुराच्या तक्त्यांत मांडण्याची जी पद्धत ठरविण्यात आली, ती ‘जीटीएफएस’ या नावाने पुढे जगभर रूढ झाली.

या व्यवहारात एक विषमता आरंभापासूनच होती. परिवहन संस्थांनी आपली वेळापत्रके कंपन्यांना विनामूल्य दिली. त्या वेळापत्रकांच्या आधारे लोकांनी काय विचारले, ही माहिती मात्र कंपन्यांकडेच साठत गेली. ज्याच्या संगणकावर नियोजक चालतो त्याच्याकडे नोंदी जमतात, हे यामागील साधे कारण होय. ट्रायमेटच्या पुढाकाराने २००९ मध्ये ‘ओपन ट्रिप प्लॅनर’ या मुक्त आज्ञावलीचे काम सुरू झाले. नॉर्वेतील ‘एन्टुर’ ही शासकीय कंपनी व हेलसिंकी प्रदेशाची परिवहन संस्था यांनी आपले नियोजक या आज्ञावलीवर उभारले आहेत. अशा ठिकाणी नोंदी कोणाकडे मागाव्या लागत नाहीत; त्या सार्वजनिक संस्थेकडेच असतात. अर्थात अनेक प्रवासी तेथेही खाजगी नियोजकच वापरतात.

नोंदींचे स्वरूप : प्रत्येक नोंदीत सामान्यतः आरंभस्थान व गंतव्यस्थान यांचे अक्षांश-रेखांश, विचारणेची वेळ, प्रवासाची इच्छित वेळ, किती चालण्याची तयारी आहे, चाकांच्या खुर्चीची सोय हवी काय, सुचविलेले पर्याय आणि त्यांपैकी निवडलेला पर्याय ही माहिती असते. नियोजकाला ज्यांचे उत्तर देता आले नाही अशा विचारणा यांत सर्वांत मोलाच्या होत. समजा, एका रुग्णालयाजवळून रात्री साडेदहानंतर शहराच्या कडेच्या वस्तीकडे जाण्यासंबंधी वारंवार विचारणा होते आणि प्रत्येक वेळी ‘मार्ग उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळते. पाळी संपवून घरी निघालेल्या परिचारिका व सफाई कामगार शेवटच्या बसनंतर अडकून पडतात, असा तर्क त्यावरून करता येतो. तिकिटांच्या आकड्यांवरून असे काहीच सुचत नाही. उलट त्या वेळी तेथे प्रवासी नाहीत असाच त्यांचा अर्थ लावला जाण्याचा धोका असतो. कित्येकदा उत्तर न मिळण्याचे कारण बसचा अभाव हे नसून तक्त्यातील चूक हे असते, उदा., नकाशावर थांबा नदीच्या पलीकडे दाखविलेला असणे. अशा चुका शोधण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

नोंदींवरून निष्कर्ष काढताना बरीच सावधगिरी लागते. विचारणा म्हणजे प्रवास नव्हे. एकच व्यक्ती एकाच प्रवासासाठी चार-पाच वेळा वेळा बदलून पाहते. कोणी केवळ कुतूहलाने पाहतो. नित्याच्या प्रवाशाला बसचा क्रमांक व वेळ पाठ असते, तो विचारतच नाही. त्यामुळे नवख्या व क्वचित प्रवास करणाऱ्यांचे प्रमाण नोंदींत फुगलेले दिसते. स्मार्टफोन न वापरणारे वृद्ध व गरीब त्यांत अत्यल्प असतात. बस नाही हे एकदा कळल्यावर लोक पुन्हा विचारीत नाहीत, ही गोष्ट तर अभ्यासकांच्याही नजरेतून सुटते. म्हणून वापरनोंदी तिकीटविक्री, शिरगणती व प्रत्यक्ष पाहणी यांच्या जोडीने वाचाव्या लागतात.

उपयोगाची उदाहरणे : लंडन येथे २०११ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिटीमॅपर’ या कंपनीने आपल्या नोंदींतून वाहतूकजाळ्यातील उणिवा हेरल्या आणि २०१७ मध्ये स्वतःच बस चालवून पाहिली. प्रथम एक प्रायोगिक मार्ग व नंतर पूर्व लंडनमध्ये हायबरी ते ऑल्डगेट हा रात्रीचा मार्ग तिने सुरू केला. तिची वाहनसेवा २०१९ मध्ये बंद पडली व २०२३ मध्ये ‘व्हिया’ या कंपनीने तिला विकत घेतले. उणीव दिसणे आणि ती भरून काढणारी बस परवडणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यातून दिसून आले. मात्र शहराला कोठे बस हवी हे ज्ञान खाजगी कंपनीपाशी साठू शकते, ही बाबही त्यामुळे उघड झाली. २०२० मधील कोविड साथीत अमेरिकेतील सार्वजनिक परिवहन संघटनेने मॉन्ट्रिऑलच्या ‘ट्रान्झिट’ या ॲपच्या वापराचे आकडे घेऊन प्रवासीसंख्येचा अंदाज प्रसिद्ध केला. कारण अधिकृत आकडे हाती येण्यास बराच विलंब लागे.

गोपनीयता : नावे काढून टाकल्याने नोंदी निनावी होत नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सु. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांतील भ्रमणध्वनी-नोंदी तपासण्यात आल्या. स्थळ व काळ यांचे केवळ चार बिंदू माहीत असल्यास ९५ टक्के व्यक्ती वेगळ्या ओळखता येतात, असे त्यात आढळले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१८ मध्ये दीड कोटींहून अधिक प्रवासपत्रांच्या नोंदी संशोधनस्पर्धेसाठी दिल्या. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी त्यांत स्वतःचे, सहकाऱ्यांचे आणि एका लोकप्रतिनिधीचे प्रवास शोधून दाखविले. राज्याच्या माहिती आयुक्तांनी २०१९ मध्ये या प्रकाराबद्दल ठपका ठेवला. नियोजकाच्या नोंदी प्रवासपत्रांपेक्षाही नाजूक असतात. त्यांत माणसाचे घर, न्यायालय, दवाखाना व त्याने मनात आणलेला पण न केलेला प्रवासही असतो.

यावर रूढ उपाय म्हणजे नोंदी विभागवार व तासवार बेरजांच्या रूपात देणे, ठराविक संख्येहून लहान आकडे वगळणे, आकड्यांत मोजूनमापून किंचित फेरफार करणे आणि मूळ नोंदी ठराविक मुदतीनंतर नष्ट करणे. परंतु येथे एक पेच उद्‌भवतो. लहान आकडे विरळ वस्तीतून आणि अवेळी प्रवास करणाऱ्यांकडूनच येतात. म्हणजे ज्यांची गरज या नोंदींवाचून दिसत नाही त्यांनाच हा नियम पुसून टाकतो. अशा ठिकाणी विभाग मोठा करण्याऐवजी कालावधी वाढवावा. आठवड्याऐवजी तिमाहीची बेरीज घेतल्यास वस्ती ओळखू येते, व्यक्ती येत नाही. हा मार्ग सर्वत्र पुरेसा पडत नाही. तथापि सरसकट वगळण्यापेक्षा तो निश्चित बरा.

भारतातील स्थिती : दिल्लीत २०१८ मध्ये बसची वेळापत्रके व तत्कालीन स्थाने खुली करण्यात आली. मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ हे ११ परिवहन सेवांचे संयुक्त ॲप सुरू झाले. लोहमार्ग, मेट्रो व बस यांच्या सीमा ओलांडणाऱ्या विचारणा एकत्र पाहण्याची संधी अशा ॲपमुळे निर्माण होते. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार व्यक्तीशी जोडता येणारी माहिती तिच्या संमतीने वा कायद्याने मान्य केलेल्या प्रयोजनासाठीच वापरता येते; म्हणून नोंदी कोणत्या रूपात, किती काळ व कोणाला दिल्या जातील हे परिवहन संस्थेने वेळापत्रक देतानाच करारात लिहून घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात एस.टी. स्थानकांवरील चौकशीच्या खिडकीपाशी रोज असंख्य प्रश्न विचारले जातात. ‘या वेळी गाडी नाही’ हे उत्तर तेथे तोंडी दिले जाते व विरून जाते. त्याचा साधा तक्ता ठेवण्यास संगणकाचीही गरज नाही.